साडेपाच लाखांचं पायलट घड्याळ आणि बारा हजारांचं सोलर : चार महिने दोन्ही वापरून

मुठेकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढू की नको यात दोन आठवडे गेले. मिरवल्यासारखं दिसेल अशी धास्ती होती. पण परवा दुसऱ्या धाग्यावर कोणाला तरी सोलर घड्याळ सुचवता सुचवता माझ्याकडून निसटलंच की घरात एक स्विस पायलट घड्याळही आहे, आणि लगेच पाच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर लिहितो.

पहिलं घड्याळ आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं मार्क २०. गेल्या दिवाळीत पन्नाशी झाली, त्या निमित्ताने घेतलं. काळी तबकडी, कातडी पट्टा, ४० मिमी. साडेपाच लाखांच्या आसपास पडलं. (सासूबाईंनी "सोन्याचं आहे का?" विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.)

दुसरं म्हणजे सोलर, सिटिझन या जपानी कंपनीचं इको-ड्राइव्ह, बीएम ८१८०. ३७ मिमी, कॅनव्हासचा पट्टा, वार-तारीख, बाराच्या आकड्यांच्या आत १३ ते २४ चं बारीक वर्तुळ. भाचा अमेरिकेहून येताना घेऊन आला, बारा हजारांच्या आत. घेतलं होतं ट्रेकसाठी.

चार महिने एक आठवडा हे, एक आठवडा ते, असं वापरलं. रोज सकाळी चहा घेताना फोनच्या वेळेशी ताडून वहीत टिपलं. मार्क माझ्या हातावर दिवसाला सरासरी चार सेकंद पुढे जातं. ते १२० तास, म्हणजे पाच दिवस चालतं, त्यामुळे आठवडाभर कपाटात राहिलं की पुढच्या सोमवारी थांबलेलं सापडतं आणि वेळ-तारीख लावण्यापासून सुरुवात. सोलर मी पहिल्या दिवशी एकदाच लावलं. चार महिन्यांत ते अडतीस सेकंद पुढे गेलंय. तीस दिवसांच्या महिन्यानंतर तारीख पुढे ढकलायची, बस. बाकी मी त्याला हात लावलेला नाही.

आता पायलट (मार्कची जात) आणि फील्ड (सोलरची जात) या दोन शब्दांबद्दल थोडं, कारण माझ्या डोक्यात जो किडा वळवळतोय तो तिथलाच आहे.

मार्क घराण्यातलं खरं मानाचं घड्याळ म्हणजे मार्क ११. १९४८ साली ब्रिटिश हवाईदलासाठी बनवलेलं, ३६ मिमीचं, आत यंत्राभोवती मऊ लोखंडाची पेटी. विमानातल्या उपकरणांच्या चुंबकीय क्षेत्राने वेळ बिघडू नये म्हणून. तिकडे फील्ड घड्याळाचं मूळ पायदळात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने बारा स्विस कंपन्यांकडून एकाच नमुन्याबरहुकूम घड्याळं करून घेतली. काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणारे काटे, पाणी शिरणार नाही अशी केस. त्या बारांत आयडब्ल्यूसीही होती. म्हणजे पायलट आणि फील्ड हे वेगळ्या जातीचे प्राणी नव्हतेच. दोन्ही सरकारी माल. मागे बाणाची खूण, सामानाचा नंबर. वापरणाऱ्याने एक पैसा दिलेला नसायचा आणि वस्तू त्याच्या मालकीचीही नसायची. काम झालं की परत जमा.

आणि मी त्या सरकारी मालाच्या नातवासाठी साडेपाच लाख मोजून आलो.

काम म्हणून पाहिलं तर सोलर सरळ जिंकतं. वेळ जास्त अचूक, वजन कमी, पाण्याची मर्यादा दोघांची तीच (१०० मीटर), आणि हरवलं तर एक दिवस वाईट वाटेल, वर्षभर नाही. मार्कमध्ये सरस काय? काच नीलमणी स्फटिकाची, ओरखडा उठत नाही. सोलरची साधी, तिच्यावर राजगडाच्या चोर दरवाज्यातली एक आठवण कायमची कोरलेली आहे. रात्री मार्क पहाटेपर्यंत वाचता येतं. आणि काटे... काट्यांबद्दल काय सांगू. उजेड तिरपा पडला की काट्याची एक कड उजळते आणि दुसरी काळीच राहते. मीटिंगमध्ये मी वेळ बघत नसतो, ती कड बघत असतो.

घ्यायचं खरं कारण मात्र वेगळंच आहे. बाबांकडे एचएमटी पायलट होतं. आंघोळ, देवपूजा, मग घड्याळाला किल्ली. अंगठा आणि तर्जनीत कर्र कर्र असा आवाज, आणि किल्ली अडली की "झालं" म्हणून मनगटावर. मला लहानपणी वाटायचं की ते "झालं" देवपूजेचाच भाग आहे. ते घड्याळ आता बंद पडून कपाटात आहे. पायलट घ्यायचं ते त्या पायलटसाठी, असं मी बायकोला सांगितलं, तिला पटलं, आणि मलाही.

आता हाणा.

---

हिशेबनीस

हाणायला बोलावलंच आहे तर घ्या. साडेपाच लाख सात टक्क्यांनी वीस वर्षं ठेवले असते तर सव्वाएकवीस लाख झाले असते. वर दर पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग, आणि एकेका सर्व्हिसिंगच्या पैशात तुमची दोन-तीन सोलर येतील. शिवाय भारत-एफ्टा करार (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार) १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने खाली येणार आहे. थोडं थांबला असतात तर?

बाकी काट्याची कड वगैरे वाचून गलबलून आलं. (हलके घ्या.)

---

मुठेकाठचा

हिशेबनीसराव, शुल्क खाली येईपर्यंत किंमत तेवढीच वर गेलेली असेल, या भावाने मी घर, गाडी आणि आता घड्याळ घेतलं. आणि थांबून पन्नाशी पुढे ढकलता येत नाही हो.

सर्व्हिसिंगचं मान्य. कंपनीकडे नोंदणी केली की वॉरंटी आठ वर्षांची होते, तोवर तरी तुमच्या हिशेबात तो आकडा धरू नका.

---

सात_बावीसची_लोकल

माझा प्रश्न एकच. हे घालून तुम्ही जाता कुठे?

मी रोज कल्याणहून चढतो. दादरला उतरताना शर्टाची बटणं जागेवर राहिली तरी देवाचे आभार मानतो. तिथे साडेपाच लाख मनगटावर? मित्राने असंच एक महागडं घेतलं, आता ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि तो फोनमध्ये वेळ बघतो. वर्षातून दोनदा लग्नाला काढतो. बायकोचे पाटल्या-बिलवर आणि याचं घड्याळ एकाच डब्यात.

---

सातमाळा

वाचतेय. धागा अगदी वेळेवर आला, मला यातलं दुसरं घ्यायचंय (पहिलं पुढच्या जन्मी). नाशिकला असते, महिन्यातून दोन ट्रेक. मनगट बारीक आहे, पावणेसहा इंच. बाजारात बायकांची म्हणून जी घड्याळं मिळतात त्यांत आकडेच नसतात, चार खडे असतात. खड्यावरून वेळ काय बघायची? आणि जी दणकट असतात ती माझ्या हातावर वरवंट्यासारखी दिसतात. ३७ मिमी चालेल का?

दुसरी शंका. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने सूर्य रजेवर असतो. घाटमाथ्यावर तर दुपारी दोनला बॅटरी लावायची वेळ येते. सोलर उपाशी मरणार नाही का?

---

घड्याळवाल्याचा_मुलगा

सातमाळा, अजिबात मरणार नाही. मी सोलापूरचा, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आता मी बसतो. हा प्रश्न गिऱ्हाईक रोज विचारतं म्हणून जरा सविस्तर.

सोलर म्हटलं की लोकांना छपरावरचं पॅनेल डोळ्यांसमोर येतं. घड्याळात सौर पत्रा तबकडीच्या खाली असतो आणि तबकडी उजेड आरपार जाईल अशी बनवलेली असते. त्याला ऊन नको, उजेड पुरतो. मोजमापात सांगायचं तर भर उन्हात एक लाख लक्स, ढगाळ दिवशी बाहेर दहा हजारांच्या आसपास, आणि ट्यूबलाइटच्या ऑफिसात पाचशे. म्हणजे तुझ्या घाटमाथ्यावरच्या भर पावसातल्या दुपारीसुद्धा ऑफिसपेक्षा बरंच जास्त अन्न आहे. दिवसभराची भूक बाहेरच्या उजेडात काही मिनिटांत भागते, ट्यूबलाइटखाली तेवढ्यालाच तास लागतात. आणि एकदा पोट पूर्ण भरलं की बीएम ८१८० अंधारातही सहा महिने चालतं.

उपाशी मरतात ती वेगळी. एक, फुल बाहीच्या आत कायम झाकलेली. दोन, ड्रॉवरमध्ये वर्षभर पडलेली. गिऱ्हाईक म्हणतं "सेल गेला", मी दोन दिवस खिडकीत ठेवतो आणि परत देतो. पैसे घ्यायची लाज वाटते. मरण्याआधी ते सांगतंही. सेकंद काटा एकेक सेकंदाऐवजी दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागतो. तशी उडी दिसली की खिडकीत ठेवायचं.

पण ऊन द्या म्हटलं म्हणून गच्चीवर वाळत घालू नका! एक काकू खरंच कुरडयांच्या शेजारी ठेवून आल्या होत्या, एप्रिलमध्ये, सोलापुरात. गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. घड्याळाला उजेड मानवतो, साठ अंशांची भट्टी नाही.

३७ मिमी पावणेसहा इंचांवर छान बसेल.

---

रात्रपाळी

अवांतर: आम्हा नर्सिंगवाल्यांना अतिदक्षता विभागात मनगटावर काहीच घालता येत नाही, साडेपाच लाखांचं असो की पाचशेचं. हात कोपरापर्यंत मोकळे हवेत. गणवेशाला उलटं टांगलेलं छोटं घड्याळ असतं. नाडी मोजताना फक्त सेकंद काटा बघते. पंधरा सेकंद, गुणिले चार. त्यामुळे "काम म्हणून घड्याळ" या विषयावर माझं मत असं की सेकंद काटा लांब हवा आणि खुणांपर्यंत पोचणारा हवा. तुमच्या दोन्हींचा पोचतो का?

---

मुठेकाठचा

रात्रपाळी, लगेच भिंग घेऊन बघितलं. मार्कचा अगदी कडेच्या खुणांना टेकतो. सोलरचाही पोचतो, पण काटा नेमका खुणेवर पडत नाही, दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी थबकतो. तुम्ही विचारेपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नाही, धन्यवाद.

---

ओझरकर_काका

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. हवाईदलातून इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून निवृत्त झालो, शेवटची वर्षं ओझरला.

मुठेकाठचा यांनी लोखंडी पेटीचं लिहिलं ते बरोबर, पण मार्क ११ इतकं काटेकोर का करावं लागलं ते राहिलं. ते पायलटपेक्षा नॅव्हिगेटरचं हत्यार होतं. रात्री समुद्रावरून जाताना खाली काही दिसत नाही. सेक्स्टंटने ताऱ्याची उंची घ्यायची आणि त्या क्षणाची वेळ टिपायची, त्यावरून आपण कुठे आहोत ते काढायचं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. हिशेब मांडा, चार सेकंदांत एक मिनिट रेखांश. विषुववृत्तावर ते होतं एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर.

तुमचं घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जातं म्हणालात ना? म्हणजे रोज एक सागरी मैल. आठवडाभर न लावता त्याच्या भरवशावर उडालात तर पुण्याऐवजी पिंपरीला उतराल. घाबरू नका, ही चूक रोज सारखी असेल तर नॅव्हिगेटरला चालायचं, तो ती वजा करायचा. घड्याळ चुकलेलं चालतं, लहरी चालत नाही. म्हणून तुमच्या वहीत सरासरीपेक्षा रोजचा फरक किती खाली-वर होतो ते बघा. खरी परीक्षा तिथे.

आमच्या मिगच्या कॉकपिटमध्ये रशियन घड्याळ असायचं, किल्लीचं. एकाच तबकडीत चालू वेळ, उड्डाणाचा वेळ आणि स्टॉपवॉच. ते बाकीच्या उपकरणांसारखं काढून, तपासून, सही करून परत बसवायचं. त्याच्याबद्दल कोणी भावुक झालेलं मी तरी पाहिलं नाही. माझ्या स्वतःच्या हातावर एचएमटी होतं आणि तेही पगारातून.

---

मुठेकाठचा

काका, दंडवत. वही काढून बघितली. सगळ्यात कमी अडीच, सगळ्यात जास्त सहा. रात्री कसं ठेवतो त्यावर बदलतं, तबकडी वर करून ठेवलं की कमी धावतं, किल्ली वर करून उभं ठेवलं की जास्त. लहरी म्हणावं का?

---

ओझरकर_काका

यांत्रिक घड्याळ हे असं करणारच, गुरुत्वाकर्षण त्यालाही आहे. हातावर वापरायला उत्तम. नॅव्हिगेटरने नाक मुरडलं असतं.

---

माइनकाठी

फ्रँकफुर्टहून. तुमचं मुठेकाठ तर माझं माइनकाठ.

अचूकतेचीच स्पर्धा असेल तर तिसरा गडी राहिला. माझ्याकडे कॅसिओचं रेडिओवालं सोलर आहे. इथून जवळच माइनफ्लिंगेनला मनोरा आहे, तिथून ७७.५ किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ प्रसारित होते. माझं घड्याळ रोज पहाटे ती पकडून स्वतःला दुरुस्त करून घेतं. सेकंदाचा फरक नाही, कधीच नाही. ऐन उन्हाळ्यात पुण्याला आलो आणि पहिल्याच पहाटे त्याने "मिळालं नाही" अशी खूण दाखवली. असे मनोरे जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, चीन आणि जपानमध्ये आहेत, आणि आपण कोणाच्याच टप्प्यात नाही. तेव्हा भारतात राहून त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

आणि हो, एक कबुली. शाफहाउझेन इथून गाडीने काही तासांवर, ऱ्हाइन नदीचा मोठा धबधबा तिथलाच. आयडब्ल्यूसी तिथे १८६८ साली एका अमेरिकन माणसाने काढली, फ्लोरेंटाइन जोन्स नाव. स्वस्त स्विस कारागीर आणि नदीच्या पाण्यावर चालणारी यंत्रं, असा त्याचा हिशेब. म्हणजे आज जिला परंपरा म्हणतो तो एकेकाळी आउटसोर्सिंगचा प्रकल्प होता. आयटीवाल्या पुणेकरांनी आवर्जून घ्यावं असंच घड्याळ आहे.

---

हिशेबनीस

माइनकाठी, मोदक घ्या.

---

सात_बावीसची_लोकल

बारा हजारांचं तरी कशाला मग? फोन आहे की. काळा चौकोन खिशातून काढला की वेळ.

---

सातमाळा

लोकल, गेल्या वर्षी अलंगच्या कड्यावर दोराला लटकलेली होते, दोन्ही हात गुंतलेले. खालून लीडर विचारतोय किती वेळ झाला. काढून दाखवा फोन.

---

घड्याळवाल्याचा_मुलगा

फोनवरून आठवलं, मुठेकाठचा. मार्क एखाद्या दिवशी अचानक मिनिट-दोन मिनिटं पुढे धावायला लागलं तर घाबरून महागड्या सर्व्हिसिंगला पाठवू नका. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या अशा यांत्रिक घड्याळांतली बरीचशी फक्त चुंबकाने झपाटलेली असतात. फोनचं चुंबकी कव्हर, लॅपटॉपचं झाकण, स्पीकर, टॅबची केस. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग असते ना, तिचे वेटोळे एकमेकांना चिकटू पाहतात, तिची चाल आखूड होते आणि घड्याळ सुसाट सुटतं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ नेऊन बघा, सुई हलली की समजा. चुंबक उतरवायचं निळं डबडं काही शे रुपयांना मिळतं, दहा सेकंदांचं काम.

सोलरमधलं यंत्र क्वार्ट्झ. चुंबक अगदी जवळ आलं तर काटा थबकतो, दूर गेलं की पुन्हा चालू, तेवढा वेळ मागे पडलेला. त्याच्यावर कायमचा परिणाम सहसा राहत नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुमच्या पहिल्या लेखातला शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. बाबांचं एचएमटी पायलट जवळ असेल तर काढा. तबकडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सांगा.

---

मुठेकाठचा

काढलं. काच पिवळी पडलीय, टूथपेस्टने थोडी पुसली. hmt असं इंग्रजीत, खाली पायलट. मग १७ ज्वेल्स. आणि "पॅरा शॉक". का हो?

---

घड्याळवाल्याचा_मुलगा

पॅरा शॉक हेच विचारत होतो.

पॅराशॉक हे नाव सिटिझनचं. घड्याळ पडलं तर आतल्या चाकाचा नाजूक दांडा मोडू नये म्हणून त्यांनी काढलेली धक्के सोसणारी रचना. जाहिरातीसाठी १९५६ मध्ये त्यांनी जपानमध्ये हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून दाखवली होती. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला तो सिटिझनच्याच सहकार्याने. जनता, पायलट या किल्लीच्या घड्याळांतलं यंत्र सिटिझनच्या आराखड्यावरचं. आमच्या दुकानात वडील जुन्या सिटिझनचे भाग एचएमटीत बसवायचे, जुळायचे.

पुढे १९७६ मध्ये उजेडावर चालणारं काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ जगात पहिल्यांदा आणलं तेही सिटिझननेच. तुमच्या हातातलं इको-ड्राइव्ह त्याच रांगेतलं.

तेव्हा साहेब, बाबांच्या पायलटचं सख्खं नातं शाफहाउझेनशी नाही. ते तुमच्या बारा हजारांच्या घड्याळाशी आहे. तबकडी लढाऊ विमानातली दिसावी अशी केली, नाव पायलट दिलं, पण रक्त सिटिझनचं. तुम्ही वारस शोधायला स्वित्झर्लंडपर्यंत गेलात आणि तो आधीच घरात होता, राजगडावर काच घासून घेत.

---

हिशेबनीस

खल्लास. सव्वाएकवीस लाख.

---

सात_बावीसची_लोकल

धागा इथेच बंद करा, याच्यावर काही येणार नाही आता.

---

मुठेकाठचा

काल रात्री हे वाचलं आणि उत्तर न लिहिता झोपलो. सकाळी तिन्ही घड्याळं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. पायलट आणि सिटिझन शेजारी शेजारी ठेवल्यावर आकाराने जवळजवळ सारखी. मार्क त्यांच्यात शहरातून आलेल्या चुलत्यासारखं दिसत होतं. बायको चहा घेऊन आली, तिला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मला सांगितलेलं कारण खोटं होतं." मी म्हटलं, खोटं नव्हतं, चुकीचं होतं. तिला फरक पटलेला दिसला नाही.

मार्क विकणार नाही, कोणी व्यनि करू नका. कारण उरलं नाही तरी घड्याळ आवडतं. हौस होती, ती आता हौस म्हणूनच घालीन. पन्नाशीच्या माणसाने त्यासाठी बाबांना साक्षीला बोलवायची गरज नव्हती.

घड्याळवाले, एचएमटी चालू होईल का? किल्ली फिरते, पण अडतच नाही, नुसती फिरत राहते.

---

घड्याळवाल्याचा_मुलगा

नुसती फिरते म्हणजे मेन स्प्रिंग तुटली असणार किंवा आतून सुटली असणार. हे तर सगळ्यात सोपं. स्प्रिंग मिळते, एचएमटीच्या कारखान्यांना टाळं लागलं तरी जुने भाग भरपूर आहेत. मात्र ऑनलाइन "एचएमटी पायलट, नवं कोरं" म्हणून जे विकतात त्याला भुलू नका. बऱ्याच वेळा तबकडी रंगवलेली असते आणि आत तीन घड्याळांची खिचडी. तुमचं मूळचं आहे, तबकडी पॉलिश-रंग काही करायला देऊ नका, पिवळी असली तरी. काच नवीन टाकू, ॲक्रिलिकची येते.

पुण्यातच चांगला माणूस असेल तर त्याला दाखवा. नसेल तर माझ्याकडे पाठवा, व्यनित पत्ता देतो. पाठवताना मागचं झाकण उघडू नका, उत्सुकता कितीही वाटली तरी.

---

ओझरकर_काका

मुठेकाठचा, चालू झालं की त्याचीही वही ठेवा. १८,००० ठोक्यांचं यंत्र आहे, तुमच्या स्विसचे तासाला २८,८००. दिवसाला अर्धं मिनिट इकडे-तिकडे झालं तरी चांगलं म्हणायचं. माझं तेवढंच जायचं. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या आधीच्या टोल्यांवर लावायचो.

---

मुठेकाठचा

बाबाही! "झालं" म्हणायच्या आधी थांबायचे ते त्या टोल्यांसाठी. हे पार विसरलो होतो, काका.

---

सातमाळा

मधेच घुसते, सॉरी. मी मागवलं, परवा येतंय. कॅनव्हासचा पट्टा पावसात कुबट वास मारतो असं वाचलं, म्हणून नायलॉनचा वेगळा घ्यायचाय. मिमी किती?

---

मुठेकाठचा

१८. वास खरंच मारतो.